रक्त हवेने गोठत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत रक्ताच्या गुठळ्यांवर आलेला लेख वाचला. एवढा किचकट विषय छापायला घेतलात याबद्दल आधी आभार मानते. पण लेखातली दोन विधाने आणि सोबतची आकृती दुरुस्त व्हायला हवी, म्हणून हे पत्र. जखमेतले रक्त हवा लागल्यामुळे गोठते, हे पहिले विधान. चाळिशी उलटली की रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्यावी म्हणजे गुठळीची काळजी नको, हे दुसरे. आणि आकृतीत वरून खाली येणाऱ्या बाणांची एकच सरळ रांग, तळाशी लाल गोळा. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत, त्यातही बराच काळ रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या टेबलावर गेली. त्यामुळे हे वाचून गप्प बसवले नाही.

हवेचा मुद्दा आधी. फिकट निळ्या झाकणाची नळी ज्यांनी रक्त देताना पाहिली असेल, त्यांनी तिच्या तळाशी थोडेसे पाण्यासारखे द्रावणही पाहिले असेल. ते ३.२ टक्के सोडियम सायट्रेट. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. सायट्रेट रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते, आणि कॅल्शियम हाताशी नसले की गोठण्याची प्रक्रिया पुढे सरकत नाही. हे रक्त झाकण काढून टेबलावर ठेवा, वर पंखा चालू ठेवा. काही तासांनी लाल पेशी खाली बसतील, वर पिवळसर रक्तद्रव दिसेल, कडेला थोडे सुकेलही. गोठणार मात्र नाही. सुकणे वेगळे आणि गोठणे वेगळे. आता तो रक्तद्रव ३७ अंशांच्या पाण्यात गरम केलेल्या छोट्या नळीत घ्या, त्यात थ्रॉम्बोप्लास्टिन हे गोठणे सुरू करणारे द्रव्य आणि कॅल्शियम घाला. बारा सेकंदांच्या आसपास तो गोठलेला असेल. हवा तर आधीपासून तीच होती.

उलट बाजूनेही पाहा. पोटरीच्या खोल शिरेत गुठळी होते आणि कधी कधी ती सुटून फुफ्फुसात जाऊन अडकते. आपल्याच लेखात या धोक्यावर एक परिच्छेद आहे. त्या शिरेत हवा कुठून आली? जोसेफ लिस्टर यांनी १८६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे रक्त गोठण्यावर व्याख्यान दिले. हवेमुळे रक्त गोठते ही समजूत त्यांनी तेव्हाच खोडली होती, आणि परक्या पृष्ठभागाशी संबंध आल्याने ते गोठते याकडे बोट दाखवले होते.

परका पृष्ठभाग म्हणजे आमच्या टेबलावर काच. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना घटक म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. काचेला स्पर्श झाला की रक्तातला बारावा घटक जागा होतो आणि मग साखळी सुरू होते. म्हणूनच आपल्या आकृतीत सर्वांत वर बारावा घटक आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांतही तो तिथेच असे. पण या घटकाची हकिकत मजेशीर आहे. १९५५ मध्ये तो सापडला तो जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कामगाराच्या रक्ताच्या अभ्यासातून. त्यांचे रक्त काचेच्या नळीत गोठायला फार वेळ घेई, पण त्यांना रक्तस्रावाचा त्रास असा कधी नव्हता. हा घटक त्यांच्या रक्तात नव्हताच. पुढे १९६८ मध्ये ते गेले, तेही रक्तस्रावाने नव्हे. पडून कमरेचे हाड मोडले आणि त्यानंतर फुफ्फुसात गुठळी अडकली. ज्याचे रक्त नळीत लवकर गोठत नाही असा माणूस गुठळीने जातो, यातच आकृतीतला दोष उघड होतो. नळीत जे घडते ते सगळे जसेच्या तसे शरीरात घडते असे मानून चालत नाही.

शरीरात सुरुवात होते ती टिश्यू फॅक्टर नावाच्या प्रथिनापासून. रक्तवाहिनीच्या भिंतीत आतल्या अस्तराच्या पलीकडे ज्या पेशी असतात, त्यांच्यावर ते असते. एरवी रक्ताची आणि त्याची गाठ पडत नाही. वाहिनी फाटली की पडते, आणि रक्तात फिरणारा सातवा घटक त्याला येऊन चिकटतो. त्याच वेळी फाटलेल्या भिंतीतले कोलॅजन उघडे पडते. त्यावर फॉन विलेब्रांड घटक नावाच्या प्रथिनाचे लांब धागे बसतात आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट्स त्या धाग्यांना अडकतात. प्लेटलेट्स म्हणजे अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे सुटलेले तुकडे. त्यांना केंद्रक नसते, आयुष्य सात ते दहा दिवसांचे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख. अडकल्या की त्या आकार बदलतात, आतली रसायने बाहेर सोडतात आणि शेजारून जाणाऱ्या प्लेटलेट्सना बोलावून घेतात. पहिला बूच तयार होतो तो यांचा. पण तो कच्चा असतो. त्याला फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाच्या जाळीने बांधून घ्यावे लागते.

ती जाळी तयार होताना मी असंख्य वेळा पाहिली आहे, आणि यंत्रे आली तरी नव्या मुलामुलींना मी ती हाताने करून दाखवत असे. नळी पाण्यातून काढायची, दिव्यासमोर हळूच तिरकी करायची, पुन्हा सरळ, पुन्हा तिरकी. द्रव इकडून तिकडे मोकळा पळत असतो. मग एका झुकावाला तो किंचित रेंगाळतो, मधेच एक धागा चमकतो, आणि पुढच्या झुकावाला सगळाच जागच्या जागी थरथरतो. घड्याळ थांबवायचे ते धागा दिसताच. एका सेकंदाच्या फरकावर कुणाच्या तरी औषधाचा डोस ठरायचा, म्हणून त्या वेळी कुणी बोलायला आले तर मी उत्तर देत नसे.

हा धागा विणते ते थ्रॉम्बिन नावाचे विकर. दहावा घटक पाचव्याच्या मदतीने प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनला छाटून फायब्रिन करते. एवढा भाग आपल्या आकृतीत बरोबर आहे. चुकते ते यापुढे. थ्रॉम्बिन हे रांगेतले शेवटून दुसरे पात्र नव्हे. थोडेसे तयार झाले की ते मागे वळून पाचव्या, आठव्या आणि अकराव्या घटकांना चेतवते, प्लेटलेट्सना आणखी भडकवते, तेराव्या घटकाला जागे करून फायब्रिनच्या धाग्यांना आडवे टाके घालून घेते. म्हणजे बाण खालून वरही जायला हवेत. आठवा घटक नसला तर हिमोफिलिया ए, नववा नसला तर हिमोफिलिया बी. या रुग्णांत सुरुवातीची ठिणगी पडते, पण ती वाढवणारा हा टप्पा लंगडा पडतो. म्हणून वरवर खरचटले तर फारसे बिघडत नाही, गुडघ्यात आतल्या आत मात्र रक्त साचत राहते.

आता खरा प्रश्न. असे स्वतःलाच वाढवत नेणारे यंत्र एकदा सुरू झाले तर थांबते कसे? शरीरातले सगळे रक्त गोठवायला पुरेल इतके प्रोथ्रॉम्बिन चोवीस तास आपल्या अंगात फिरत असते. बोट कापले तर हात का गोठत नाही? आपल्या लेखात याबद्दल एक ओळ नाही. माझ्या मते मात्र सांगण्यासारखी गोष्ट हीच होती.

एक तर वाहते रक्त तयार झालेले घटक धुऊन नेते. रक्तात अँटिथ्रॉम्बिन असते, ते मोकळे फिरणारे थ्रॉम्बिन आणि दहावा घटक पकडून निकामी करते. गुठळी रोखण्यासाठी देतात ते हेपारिनचे इंजेक्शन स्वतः काही करत नाही, याच अँटिथ्रॉम्बिनचा वेग कितीतरी पटींनी वाढवते. पण मला कायम चकित करत आली ती तिसरी गोष्ट. थ्रॉम्बिन जखमेच्या जागेवरून सरकून शेजारच्या धडधाकट अस्तरावर गेले की तिथे त्याला थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचे प्रथिन धरते. धरल्याबरोबर थ्रॉम्बिनचा स्वभाव बदलतो. त्याला फायब्रिनोजेनमध्ये रस राहत नाही. ते प्रोटीन सीला जागे करते, आणि प्रोटीन सी हे प्रोटीन एसच्या मदतीने चेतलेले पाचवे आणि आठवे घटक कापून टाकते. ज्याने आग लावली तोच दोन पावलांवर जाऊन पाण्याचा नळ सोडतो. जखमेत गोठव, निरोगी भिंतीवर थांबव, आणि दोन्ही कामे एकाच रेणूकडे! बारीक केशवाहिन्यांत तर रक्ताच्या मानाने अस्तराचा पृष्ठभाग इतका मोठा की चुकून आलेले थ्रॉम्बिन सहसा सुटत नाही.

शिवाय गुठळी होतानाच तिच्या मोडणीची तयारी तिच्या पोटात असते. प्लाझ्मिनोजेन नावाचे प्रथिन फायब्रिनच्या जाळीतच विणले जाते. आजूबाजूचे अस्तर सावकाश टीपीए नावाचे विकर सोडते, त्यातून प्लाझ्मिन होते आणि जाळी कातरली जाते. कातरलेल्या तुकड्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर, ज्याचा रिपोर्ट हल्ली सगळ्यांच्या तोंडी असतो. तो वाढला म्हणजे कुठेतरी जाळी तयार झाली आणि तुटते आहे, एवढेच कळते. संसर्गात, शस्त्रक्रियेनंतर, गरोदरपणात, वय झाल्यावरही तो वाढतो. तो वाढला म्हणजे गुठळी झालीच असे नाही. संशय मुळात कमी असताना तो वाढलेला नसला, तर मात्र खोल शिरेत गुठळी नाही असे बरेच खात्रीने म्हणता येते.

हे लगाम लक्षात घेतले नाहीत तर रिपोर्ट वाचतानाही घोटाळा होतो. यकृताच्या सिऱ्हॉसिसमध्ये पी.टी. म्हणजे रक्तद्रव गोठायला लागणारा वेळ लांबतो, आणि त्यावरून काढलेले आय.एन.आर. वाढते. ते पाहून रुग्णाचे नातेवाईक म्हणतात, चला, यांना आता गुठळीची तरी भीती नाही. तसे नसते. गोठवणारे घटक यकृतात बनतात, तसेच अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि एससुद्धा तिथेच बनतात. दोन्ही बाजू खाली आलेल्या असतात आणि आमची चाचणी मोजते फक्त एक. अशा रुग्णांत यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतच कधी कधी गुठळी झालेली सापडते.

गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या वॉर्फरिनचेही तेच. ती गोळी व्हिटॅमिन के वापरात येऊ देत नाही, त्यामुळे दुसरा (म्हणजेच प्रोथ्रॉम्बिन), सातवा, नववा आणि दहावा घटक अपुरे बनतात. पण प्रोटीन सी आणि एसनाही व्हिटॅमिन के लागते, आणि प्रोटीन सी रक्तातून लवकर संपते, प्रोथ्रॉम्बिन संपायला काही दिवस लागतात. म्हणजे गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस लगाम आधी सैल होतो. शिरेत गुठळी असलेल्या माणसाला गोळीसोबत सुरुवातीला हेपारिनची इंजेक्शने देतात ती म्हणून. आय.एन.आर. दुसऱ्याच दिवशी थोडे वर गेले की ‘आता इंजेक्शन कशाला टोचताय’ असा वाद घालणारे लोक मी लॅबच्या खिडकीशी ऐकले आहेत. तो वाढलेला आकडा मुख्यतः सातव्या घटकाचा असतो, कारण तो काही तासांतच उतरतो. संरक्षण अजून आलेले नसते.

लेखात रक्तस्राव आणि गुठळी अशा दोन वेगळ्या चौकटी केल्या आहेत, त्याही माझ्या मते दिशाभूल करतात. घोणस चावल्यावर काय होते ते पाहा. तिच्या विषातली द्रव्ये दहावा आणि पाचवा घटक थेट चेतवतात. रक्तात जागोजाग गोठणे सुरू होते, त्यात फायब्रिनोजेन संपून जाते, आणि मग हिरड्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही. अति गोठण्यामुळे न गोठणारे रक्त! इथली चाचणी अगदी साधी आहे. शिरेतले दोन मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हात न लावता ठेवायचे आणि मग एकदा तिरके करायचे. वाहिले तर विषाने रक्तावर परिणाम केला आहे. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही वेळेत गोठेलच असे नाही, आणि मग नको त्याला प्रतिविष दिले जाते. याच घोणशीच्या विषाचा अगदी पातळ केलेला अंश आम्ही प्रयोगशाळेत एका चाचणीचा रिएजंट, म्हणजे चाचणीत घालायचे द्रव्य, म्हणून वापरतो, हे सांगितले की विद्यार्थी आधी हात मागे घेतात.

मोठ्या जंतुसंसर्गात किंवा बाळंतपणातल्या काही गुंतागुंतींतही असेच घडते. पी.टी. लांबलेली, ए.पी.टी.टी. ही गोठण्याच्या वेळेची दुसरी चाचणीही लांबलेली, प्लेटलेट्स घसरलेल्या, फायब्रिनोजेन कमी, डी-डायमर वर. असे एकत्र दिसले की रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता मी वॉर्डला फोन करत असे.

आता अ‍ॅस्पिरिन. हे विधान मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण ते वाचून कुणीही दुकानात जाऊन गोळी आणू शकतो. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधले एक विकर कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे तिला ते पुन्हा बनवता येत नाही. ती मरेपर्यंत तशीच राहते. एका छोट्या गोळीचा परिणाम दिवसेंदिवस रेंगाळतो तो यामुळे. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या धमनीत स्टेंट आहे, त्यांना ही गोळी जीवनदान देते आणि त्यांनी ती आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नये, दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारावे. पण ज्यांना असा कोणताही आजार नाही त्यांचे काय? सत्तरीच्या आसपासच्या आणि पुढच्या १९ हजारांहून अधिक निरोगी माणसांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोजच्या अ‍ॅस्पिरिनने त्यांचे धडधाकट आयुष्य वाढले नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचना सरसकट गोळी घेऊ नका असेच सांगतात. आपला लेख बरोबर उलटे सांगतो.

जाता जाता एक जुने गाऱ्हाणे मांडते, कारण त्याचा वाचकांशी थेट संबंध आहे. निळी नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी भरली तर रक्ताच्या मानाने सायट्रेट जास्त होते, ते आमच्या रिएजंटमधले कॅल्शियमही गिळते आणि आय.एन.आर. खोटेच वाढलेले येते. मग वॉर्फरिनचा डोस कमी होतो, आणि हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाच्या बाबतीत ही गंमत नव्हे. आम्ही असा नमुना परत पाठवला की ‘एवढं रक्त पुरत नाही का’ म्हणून भांडण ठरलेले. नमुना आला की मी लाकडी काडी नळीत फिरवून पाही. टोकाला बारीकशी जरी गुठळी लागली तरी तो नमुना बाद, कारण मोजायचे घटक त्या गुठळीत आधीच खर्च झालेले असतात. दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागली तर लॅबवाल्यांवर चिडू नका, एवढेच.

आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या बी.टी.-सी.टी., म्हणजे रक्त वाहणे थांबायला आणि रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्यांबद्दल लेखात जे कौतुक आहे, तेही जरा आवरते घ्यावे. केशनळीत रक्त घ्यायचे, दर अर्ध्या मिनिटाने तिचा तुकडा मोडायचा आणि दोन टोकांमध्ये फायब्रिनचा तंतू ताणलेला दिसतो का ते पाहायचे, ही सी.टी. मला स्वतःला फार आवडायची. पण शस्त्रक्रियेत कोणाला जास्त रक्तस्राव होईल, हे त्या दोन चाचण्यांना सांगता येत नाही. त्यापेक्षा दात काढल्यावर रक्त किती वेळ वाहिले, पाळीत किती जाते, विनाकारण काळेनिळे डाग उठतात का, घरात कुणाला असा त्रास आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे पाच प्रश्न नीट विचारलेले बरे. फॉन विलेब्रांडचा आजार हा रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारांत सर्वाधिक आढळणारा. तो बहुतेक वेळा अशा प्रश्नांतूनच हाती लागतो.

तेव्हा विनंती अशी. अ‍ॅस्पिरिनबद्दलची दुरुस्ती पुढच्या अंकाची वाट न पाहता आणि शक्य तर लेख होता त्याच पानावर छापावी. हवेबद्दलचे वाक्य काढावे. आकृती पुन्हा काढणार असाल तर वर टिश्यू फॅक्टर घ्या, थ्रॉम्बिन मध्यभागी ठेवा, त्याच्यापासून मागे जाणारे बाण दाखवा, आणि प्रोटीन सी, अँटिथ्रॉम्बिन व प्लाझ्मिन यांना वेगळ्या रंगात जागा द्या. पान अपुरे पडत असेल तर बारावा घटक खुशाल गाळा. चित्रकाराला काही शंका असल्यास मी कच्ची आकृती काढून पाठवू शकेन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ